एकोणपन्नाशीपुढची स्त्री कोणत्या तक्त्यात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे, म्हणजे २०१९-२१ सालचे, अहवाल चाळताना एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. देशातील ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के आहे, असे त्यातले आकडे सांगतात. वृत्तपत्रांतून ते छापले जातात, विद्यार्थी ते परीक्षेत लिहितात. परंतु या 'स्त्रिया' म्हणजे १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रिया होत. पन्नासावे वर्ष लागताच स्त्री या तक्त्यातून बाहेर पडते. १९९२-९३ साली या पाहण्या सुरू झाल्या त्या प्रामुख्याने जन्मदर, संततिनियमन आणि बालसंगोपन यांचा अंदाज घेण्यासाठी, त्यामुळे ही वयोमर्यादा समजण्यासारखी आहे. तिचा परिणाम मात्र असा झाला, की ज्या वयात स्त्रीची पाळी जाते त्याच वयात तिच्याविषयीची आपली माहितीही आटते. २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील माणसांची एक मोठी पाहणी देशात झाली हे खरे. पण योजना आखणाऱ्यांच्या आणि त्यांच्यावर टीका करणाऱ्यांच्या तोंडी असतात ते आकडे अजून पहिल्या पाहणीचेच.

एका विशिष्ट वैद्यकीय प्रश्नाच्या निमित्ताने ही उणीव मला अधिक जाणवली. पाळी गेल्यानंतर स्त्रीच्या शरीरातील संप्रेरके, ज्यांना आपण बोलताना हार्मोन्स म्हणतो, ती ओसरतात. या ओसरण्याचा आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा काही संबंध आहे काय? प्रथमदर्शनी हा प्रश्न अमेरिकेतील सुखवस्तू बायकांचा वाटेल. तो त्यांच्यापुरताच नाही, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. परंतु या प्रश्नाचा बराचसा भाग जमाखर्चाचा असल्यामुळे त्यात थोडे डोकावण्यास हरकत नसावी.

संशयाची सुरुवात जोगिणींपासून झाली. अमेरिकेतील कॅथलिक जोगिणींच्या मृत्यूंची कारणे तपासून १९६९ साली फ्रॉमेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे नोंदविले, की त्यांच्यात स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो, आणि त्याबरोबरच मोठ्या आतड्याचाही. स्तनाचे समजू शकते. अपत्यहीनतेशी त्याचा संबंध असल्याचा तर्क इटलीतील रामाझिनी या वैद्याने अठराव्या शतकाच्या आरंभीच केला होता. पण आतड्याचा आणि अपत्यांचा संबंध काय? १९८० साली मॅकमायकेल आणि पॉटर यांनी एक उपपत्ती मांडली. गर्भारपणात आणि संप्रेरकांच्या गोळ्या घेताना पित्ताचे घटक बदलतात, आतड्याच्या अस्तरावर त्यांचा मारा कमी होतो, आणि म्हणून स्त्रीचे आतडे काही अंशी सुरक्षित राहते, असे त्यांचे म्हणणे. पुढे आतड्याच्या अस्तरातील पेशींवरही इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणारी केंद्रे सापडली. तेव्हा उपपत्तीला थोडे बळ मिळाले.

दरम्यान अमेरिकेत एक मोठी बाजारपेठ उभी राहिली होती. गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेल्या इस्ट्रोजेनची गोळी १९४२ पासून तेथे विकली जात होती. १९६६ साली रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरने पुस्तक लिहून पाळी जाणे हा एक 'अभावाचा रोग' ठरविला, आणि मग त्या अभावाची भरपाई आयुष्यभर विकत घेणे ओघानेच आले. १९७५ मध्ये एकट्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो असे दिसून आले, तेव्हा त्याच्या जोडीला दुसरे संप्रेरक, प्रोजेस्टिन, देण्याची पद्धत पडली. विक्री चालूच राहिली. गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो, आतड्याचा कर्करोगही कमी होतो, असे निरीक्षणांवरून म्हटले जात होते. परंतु अशा गोळ्या घेणारी बाई बहुधा शिकलेली, खाऊनपिऊन सुखी, नियमित तपासणी करून घेणारी असते. तिचे आरोग्य गोळीमुळे चांगले, की चांगल्या परिस्थितीमुळे आरोग्यही चांगले आणि गोळीही परवडते? खाजगी शिकवणी लावणारी मुले अधिक गुण मिळवितात एवढ्यावरून शिकवणीचे श्रेय ठरविता येत नाही, हे आपण शिक्षक मंडळी जाणतोच.

याचा निकाल लावण्यासाठी अमेरिकन सरकारच्या पैशाने एक प्रचंड प्रयोग हाती घेण्यात आला. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' हे त्याचे नाव. ५० ते ७९ वर्षे वयाच्या, गर्भाशय शाबूत असलेल्या १६,६०८ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले. एका गटाला दोन्ही संप्रेरकांची गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी. हा प्रयोग साडेआठ वर्षे चालावयाचा होता. सरासरी पाच वर्षे आणि काही महिने होताच, जुलै २००२ मध्ये, तो थांबविण्यात आला.

त्याचा हिशेब असा. दहा हजार स्त्रियांनी एक वर्ष ही गोळी घेतली, तर हृदयविकाराचे ७, पक्षाघाताचे ८, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे ८ आणि स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जादा होतात. उलट बाजूला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ६ आणि खुब्याचे हाड मोडण्याचे ५ रुग्ण कमी होतात. जमेच्या बाजूला ११, खर्चाच्या बाजूला ३१. आता यातली आतड्याची नोंद एकटी उचलली तर ती फार आकर्षक दिसते: दहा हजारांत १६ रुग्ण होणार होते ते १० झाले, म्हणजे धोका ३७ टक्क्यांनी घटला! '३७ टक्के' आणि 'दहा हजारांत ६' हे एकाच वस्तुस्थितीचे दोन उच्चार आहेत. विक्रेता पहिला उच्चार करतो. ग्राहकाने दुसरा मागावा.

गोष्ट एवढ्यावर संपली नाही. २००४ साली त्याच प्रयोगातील आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांची बारकाईने छाननी झाली. गोळी घेणाऱ्यांत रुग्ण ४३, न घेणाऱ्यांत ७२. परंतु घेणाऱ्यांचा रोग सापडला तेव्हा तो अधिक पसरलेला होता, गाठींपर्यंत पोहोचला होता. २०१२ मध्ये, अकरा-बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, आतड्याच्या कर्करोगाने झालेले मृत्यू मोजले गेले, तेव्हा गोळीच्या गटात ३७ आणि दुसऱ्या गटात २७ निघाले. हा फरक निर्णायक मानण्याइतका मोठा नाही, पण वाचले म्हणावे असे कोणी त्यात दिसत नाही. रोग्यांची संख्या घटली आणि मृत्यूंची घटली नाही, तर घटले ते नेमके काय? एक शक्यता अशी की या गोळीने मधूनमधून योनिमार्गे रक्तस्राव होतो, आणि मग आतड्यातून गेलेले रक्तही त्याच खाती जमा धरले जाऊन निदान लांबते. ही केवळ शक्यता आहे, परंतु पुढे आपल्याकडच्या परिस्थितीचा विचार करताना ती लक्षात ठेवावी.

गर्भाशय काढून टाकलेल्या १०,७३९ स्त्रियांना एकटे इस्ट्रोजेन देण्याचा जोडप्रयोगही २००४ मध्ये थांबला. त्यात आतड्याच्या कर्करोगावर काहीच परिणाम दिसला नाही. शरीरात आपोआप तयार होणाऱ्या संप्रेरकांविषयी तर निष्कर्ष एकमेकांना छेद देणारे आहेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांच्या रक्तात नैसर्गिक इस्ट्रोजेन आणि इन्शुलिन अधिक त्यांना आतड्याचा कर्करोगही अधिक, असे आढळले. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन मुख्यतः अंगावरच्या चरबीत तयार होते. त्यामुळे येथे दोषी संप्रेरक की लठ्ठपणा, हे वेगळे काढणे कठीण. असो. एवढे मात्र निश्चित म्हणता येते, की आतड्याचा कर्करोग टाळण्यासाठी हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात असा सल्ला या पुराव्यातून निघत नाही. जुनाट रोगांच्या प्रतिबंधासाठी त्या घेऊ नयेत, हेच अमेरिकेतील प्रतिबंधक-सेवाविषयक तज्ज्ञमंडळाने २०२२ साली पुन्हा सांगितले. अंगाची काहिली, रात्रीचा घाम यांनी हैराण झालेल्या पन्नाशीतल्या बाईने डॉक्टरच्या सल्ल्याने काही काळ त्या घेणे, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यात गैर काही नाही.

आता हा हिशेब यावल तालुक्यात आणून पाहावा. भारतीय स्त्रियांत आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण दरवर्षी लाखामागे चार-पाचच्या घरात आहे. अमेरिकेत ते त्याच्या चार-पाच पट. म्हणजे तेथे गोळीने दहा हजारांत सहा रुग्ण कमी झाले, तर स्थूलमानाने आपल्याकडे एक किंवा दोन होतील. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीयांत मात्र हे प्रमाण वाढलेले दिसते. यावरून आपले रक्षण रक्तात नसून राहणीत आहे असे मानण्यास जागा आहे. पण ज्वारीच्या किंवा कळण्याच्या भाकरीला नमस्कार करून मोकळे होण्याचे कारण नाही. त्याच अमेरिकन प्रयोगाच्या दुसऱ्या शाखेत ४८,८३५ स्त्रियांचा आहार बदलून, स्निग्ध पदार्थ कमी करून पाहिले, तर २००६ च्या अहवालात आतड्याचा कर्करोग काही घटलेला नव्हता. आहाराचा परिणाम असलाच तर तो पन्नाशीत सुरू केलेल्या पथ्याचा नसून आयुष्यभराच्या सवयीचा असावा.

आपल्याकडचा खरा प्रश्न गोळीचा नाहीच. तो शस्त्राचा आहे. पाश्चात्त्य बाईची पाळी सरासरी एक्कावन्नाव्या वर्षी जाते, भारतीय बाईची सेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या. आणि बीड जिल्ह्यात काय दिसले? ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याची ओरड २०१९ साली झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शेकडा जवळजवळ १७. देशभरातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण २०१५-१६ च्या पाहणीनुसार ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट नेमके सारखे नसतील, तरी पाचपट अंतर वयाच्या फरकाने बुजत नाही.

यात बीडवाल्यांकडे बोट दाखवून खानदेशाने निश्चिंत राहावे असे काही नाही. आपल्याकडूनही कोयता दर हंगामाला बाहेर जातो. नंदुरबार-धुळ्याकडील आदिवासी मजूर दक्षिण गुजरातच्या बारडोली भागातील कारखान्यांवर ऊस तोडण्यास जातात, त्यांच्या स्थितीचे वर्णन यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७८ सालीच करून ठेवले आहे. जोडीने घेतलेली उचल, एक खाडा झाला तर कापला जाणारा पैसा, फडाशेजारच्या खोपटात ना पाणी ना आडोसा. अशा ठिकाणी महिन्याचे चार दिवस ही निव्वळ अडचण ठरते, आणि त्या अडचणीवर 'एकदाचे काढून टाका' हा उपाय बाईला स्वतःलाच शहाणपणाचा वाटू लागतो. तिला अडाणी म्हणणे सोपे आहे. तिच्यापुढे मांडलेल्या दरपत्रकात तिने स्वस्त तेच निवडले. आजचे नुकसान त्यात छापलेले होते, वीस वर्षांनंतरचे नव्हते.

ते नुकसान कोणते? पिशवीबरोबर पुष्कळदा बीजांडकोशही काढले जातात. पिशवी गेली तर पाळी बंद होते. बीजांडकोश गेले तर संप्रेरकांचा झराच एका दिवसात आटतो. जे शेहेचाळीसाव्या वर्षी हळूहळू व्हावयाचे ते तिशी-पस्तिशीत एकदम होते. हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराचा धोका वाढणे हे परिणाम पूर्वीपासून ठाऊक आहेत. आतड्याच्या बाबतीत स्वीडनमधून २०१६ साली एक महत्त्वाची माहिती पुढे आली. तेथील राष्ट्रीय नोंदवह्यांवरून, कर्करोग नसताना बीजांडकोश काढलेल्या सुमारे १ लाख ९६ हजार स्त्रियांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांच्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग सर्वसाधारण स्त्रियांच्या मानाने ३० टक्के अधिक आढळला. येथेही मघाचाच नियम लावावयास हवा: मूळ प्रमाण लहान असल्यामुळे ३० टक्के म्हणजे थोडेच रुग्ण. परंतु ही भर अनावश्यक शस्त्रक्रियेने, बाईच्याच पैशातून विकत घेतलेली असेल, तर ती थोडी म्हणून सोडून देता येणार नाही. गोळीमुळे होणाऱ्या थोड्याशा फायद्यावर जगाने पन्नास वर्षे वाद घातला. संप्रेरकच काढून घेतल्याने होणाऱ्या तोट्यावर आपण पन्नास ओळीही लिहिल्या नाहीत. अशा लहान वयात बीजांडकोश गमावलेल्या बाईला तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके द्यावीत असेच वैद्यकशास्त्र सांगते. ज्या बाईला बीजांडकोश काढले हेच कोणी सांगितलेले नाही, तिला ती कोण देणार?

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या बाजारावर जो निबंध लिहिला, त्याचे सार असे, की येथे विकणाऱ्याला माल कळतो आणि घेणाऱ्याला कळत नाही. किती घ्यावा हेही विकणाराच ठरवितो. त्यात विम्याने पैसे भरणारा तिसरा पक्ष आला की हात आणखी सैल होतो. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आल्यानंतर २०१२ च्या सुमारास छत्तीसगड आणि बिहारमधून गर्भपिशव्यांच्या तक्रारींचा जो पूर आला, तो या निबंधाचे प्रात्यक्षिकच होता. आपल्या देशात अशा शस्त्रक्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश खाजगी रुग्णालयांत होतात. सगळे डॉक्टर लुबाडणारे आहेत असा याचा अर्थ मुळीच नाही. मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव, पिशवी खाली सरकणे यांसाठी ही शस्त्रक्रिया कित्येकींना जीवदान ठरते. परंतु अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे एवढ्यासाठी 'पुढे कॅन्सर होईल' ही भीती घालून पिशवी काढली जाते, तेव्हा तो व्यापार झाला. राणी बंग यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये जगाला दाखवून दिले, की ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाची काही ना काही तक्रार होती, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. यांतील बहुतेक तक्रारी औषधाने बऱ्या होण्यासारख्या असतात. औषध जवळ नसले की शस्त्र जवळचे वाटते.

बीडमध्ये २०१९ नंतर खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक करण्यात आली. केंद्र सरकारने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर ती तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश राज्यांना दिला. ही याचिका २०१३ सालची होती. मधल्या दहा वर्षांत ज्यांच्या पिशव्या गेल्या त्यांच्याबद्दल न्यायालय काय करू शकणार?

या स्त्रिया आता चाळिशी-पन्नाशीत येत आहेत, आणि येथे मघाच्या रक्तस्रावाच्या मुद्द्याकडे पुन्हा यावे लागते. शौचावाटे रक्त गेले की आपल्याकडे त्याला एकच नाव आहे: मूळव्याध. बाई ते कुणाला सांगत नाही. सांगितलेच तर मूळव्याधीचे चूर्ण येते. दुसरे लक्षण याहून मुके आहे. पाळी चालू असलेल्या स्त्रीत रक्तक्षय सामान्य, कारण दरमहा रक्त जाते आणि ताटात लोह कमी असते. पण ज्या बाईची पाळी बंद झाली आहे, तिच्या अंगातले लोह कमी होत असेल, तर ते जाते कुठून हे विचारलेच पाहिजे. जंत असतील, जठरातील व्रण असेल, वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक असेल, आणि कधी आतड्यातील गाठही असेल. आपल्या आरोग्य केंद्रात मात्र दोघींनाही त्याच लोहाच्या गोळ्या मिळतात. पहिलीच्या बाबतीत तो उपचार आहे. दुसरीच्या बाबतीत तो रोगावर घातलेला बुरखा होऊ शकतो. थकव्याने शेतात बसून राहणारी पंचावन्न वर्षांची बाई 'वय झाले' म्हणून सोडून दिली जाते.

सर्व स्त्रियांच्या आतड्याची सरसकट तपासणी करा, अशी मागणी मी करणार नाही. ती आपल्या प्रमाणांना परवडणारी नाही, आणि जे करावयाचे ठरले आहे तेच अजून झालेले नाही. तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे मुख या तीन कर्करोगांची तपासणी तिशीपुढच्या सर्वांना द्यावयाची असे सरकारी धोरण आहे. तरी पाचव्या पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या देशभरात फक्त १.९ टक्के, आणि स्तनांची ०.९ टक्के निघाल्या. वास्तविक तपासणीने जीव वाचतात हे जगाला ज्या प्रयोगांनी शिकविले त्यांतला एक आपल्याच राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांवर झाला होता. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यामागे बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि तेथे १९८७ पासून चालत आलेली, देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी होती. मुंबईची नोंदणी तर १९६३ ची. राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात २८ केंद्रांचे लोकसंख्येवर आधारलेले आकडे आहेत; महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, बार्शी, उस्मानाबाद-बीड ही नावे त्यात आढळतात. खानदेशचे नाव नाही. धुळ्यास वैद्यकीय महाविद्यालय कित्येक वर्षांपासून आहे, जळगावलाही २०१८ पासून झाले आहे. केळीच्या घडांचा भाव रोज जाहीर करणाऱ्या या मुलखाला आपल्या बायकांना कोणता कर्करोग किती होतो हे सांगता येऊ नये, याला साधनांची उणीव म्हणता येणार नाही.

करता येण्याजोगे जे आहे ते फार खर्चाचे नाही. चाळिशीपुढच्या, पाळी बंद झालेल्या ज्या बाईचे हिमोग्लोबिन कमी भरेल तिला गोळ्यांबरोबर शौचातील अदृश्य रक्ताची तपासणी द्यावी. ती स्वस्त आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकते. तीत दोष दिसला किंवा नजरेला रक्त दिसले, तरच जिल्ह्याला दुर्बिणीच्या तपासणीसाठी पाठवावे, आणि पाठविताना जाण्यायेण्याचे भाडे व बुडालेल्या दिवसाची मजुरी द्यावी. यावलहून जळगावला जाऊन रांगेत उभे राहणे म्हणजे शेतमजूर बाईला एक रोज आणि सोबत येणाऱ्याचा दुसरा रोज, हा खर्च कोणत्याही योजनेच्या कागदावर दिसत नाही, आणि तपासणी फुकट असूनही ती का होत नाही याचे उत्तर बहुधा त्यातच असते. आशाताईंच्या वहीत पन्नाशीपुढच्या बाईसाठी एक पान हवे. आणि ग्रामीण रुग्णालयातील केसपेपरवर वयाच्या रकान्याखाली आणखी तीन प्रश्न छापून घ्यावेत: पाळी कोणत्या वर्षी गेली, आपोआप गेली की शस्त्रक्रियेने, आणि शस्त्रक्रिया झाली असल्यास बीजांडकोश ठेवले की काढले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जणींना देता येणार नाही. ज्या रुग्णालयाने शस्त्रक्रिया केली त्याने ते लेखी द्यावे, अशी अट परवाना देणाऱ्याने घालावी.